एसएसडी जोडली की वायरलेस माऊस अडखळतो: हब खराब आहे की आणखी काही?

खाडीपलीकडे (ऐरोली):

नमस्कार मंडळी. वायरलेस माऊसची अडचण आहे, जमेल तेवढा तपशील देतो.

लॅपटॉपला डावीकडे दोन टाइप-सी पोर्ट आणि उजवीकडे एकच साधा यूएसबी-ए पोर्ट आहे. डावीकडे टाइप-सीचा प्लॅस्टिकचा हब लावला आहे. त्यात एचडीएमआयवर मॉनिटर, एक पोर्टेबल एसएसडी आणि एसएसडीच्या शेजारच्याच पोर्टात माऊसचा चिमुकला रिसीव्हर. दोघांमध्ये बोटभरही जागा नाही. उजवीकडच्या पोर्टात वायरचा यूएसबी हेडसेट असतो. माऊस २.४ गिगाहर्ट्‌झचा, ब्लूटूथ नाही.

एसएसडी काढलेली असली की माऊस अगदी लोण्यासारखा चालतो. ती जोडून बॅकअप सुरू केला की कर्सर थांबत थांबत सरकतो, मध्येच उडी मारतो, एखादी फाइल ओढून नेताना अर्ध्या वाटेत हातातून सुटते. माऊस उचलून हबच्या अगदी जवळ, वीतभर अंतरावर नेला तर सुधारतो. नवीन सेल टाकून झाले, पॅड बदलून झाला, दुसऱ्या कंपनीचा माऊस लावून पाहिला, तरी तेच. आणि हा योगायोग आहे का माहीत नाही, पण एसएसडी चालू असताना वायफायही मंदावतं.

हब बदलावा का? की माऊसच वायरचा घ्यावा?

नौपाडा_हार्डवेअर (ठाणे):

हब बदलू नका, माऊसही नको. आधी एक बिनपैशाची अदलाबदल करा: हेडसेट हबमध्ये टाका आणि माऊसचा रिसीव्हर उजवीकडच्या पोर्टात लावा. हेडसेटला फार वेग लागत नाही आणि तो वायरचा, त्यामुळे एसएसडीशेजारी बसला तरी त्याचं काही बिघडत नाही. रिसीव्हर मात्र लॅपटॉपच्या दुसऱ्या टोकाला, उजव्या हाताच्या जवळ येतो. बहुतेकांचं काम एवढ्यावरच होतं.

पण दोष नक्की कुठला हे पक्कं कळायला हवं असेल तर अदलाबदल करण्याआधी ही चाचणी घ्या. रिसीव्हर आहे तिथेच ठेवा. एसएसडी नीट ‘इजेक्ट’ करून काढा आणि तिची स्वतःची केबल बाजूला ठेवून फोनच्या चार्जरबरोबर आलेल्या केबलने जोडा. चार्जिंगच्या या केबली आतून बहुतेकदा यूएसबी २.०च्याच, म्हणजे जुन्या, कमी वेगाच्या पिढीच्या असतात. चार्जिंगच्या आणि डेटाच्या मिळून चार मुख्य तारा, वेगवान जोड्या त्यात नसतातच. मग एक आठ-दहा जीबीची फाइल कॉपी करा. वेग सेकंदाला ३५-४० एमबीवर आला तर समजा एसएसडी आता यूएसबी २.०वर चालते आहे. त्या वेळी माऊस सरळ चालला, तर हब, माऊस, ड्रायव्हर सगळे निर्दोष. दोष फक्त शेजाराचा.

ज्यांच्याकडे जुनी फिरत्या तबकडीची पोर्टेबल हार्डडिस्क आहे त्यांनाही हे करता येतं. तिच्या खाचेकडे नीट पाहा: एक रुंद भाग आणि त्याला चिकटून एक अरुंद भाग, मध्ये छोटीशी कंबर. त्यातला रुंद भाग म्हणजे जुन्या फोनची मायक्रो-यूएसबीची खाच. तिच्यात साधी मायक्रो केबल बसते आणि डिस्क यूएसबी २.०च्या वेगाने चालते. मात्र यूएसबी २.०चा पोर्ट नियमाने ५०० मिलिअँपिअर देतो, ३.०चा ९००. डिस्क टक-टक करत बंद-चालू होऊ लागली तर ती विजेची कमतरता, चाचणी तिथेच थांबवा.

टाचणी (कोपरखैरणे):

वरचा सल्ला बरोबर आहे. असं का होतं तेही सांगते, कारण कारण कळलं की पुढचे निम्मे उपाय आपोआप सुचतात.

यूएसबी ३.० म्हणजे सेकंदाला ५ गिगाबिट. (पुढे याच वेगाला ३.१ जेन १ आणि मग ३.२ जेन १ अशी नावं मिळाली, वस्तू तीच.) तारेवर एक-शून्य-एक-शून्य असं सर्वांत जलद आलटलं-पालटलं तर ती लहर होते २.५ गिगाहर्ट्‌झची. शिवाय एकाच ठिकाणी टोकदार गोंगाट उठू नये म्हणून पाठवण्याआधी डेटा मुद्दाम विस्कटून पाठवतात. त्यामुळे त्याची ऊर्जा शून्यापासून ५ गिगाहर्ट्‌झपर्यंत सगळीकडे पसरते. माऊस, ब्लूटूथ आणि जुनं वायफाय चालतं २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्‌झमध्ये, म्हणजे बरोबर त्या पसाऱ्याच्या मधोमध. इथे फिल्टर लावून सुटका नाही. तो गोंगाट म्हणजे तुमचा डेटाच आहे, तो गाळला तर एसएसडीच चालणार नाही.

इंटेलने २०१२ साली यावर तांत्रिक टिपण काढलं होतं. त्यातल्या मोजमापात यूएसबी ३.०ची डिस्क जोडल्यावर २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास गोंगाटाची पातळी सुमारे २० डेसिबलने चढलेली दिसते. २० डेसिबल म्हणजे शंभरपट. मोकळ्या जागेतला हिशोब केला तर पल्ला दहापटीने घटतो: जो माऊस १० मीटरवरून चालायचा तो कसाबसा १ मीटरवरून चालेल. आता तुमचं ‘वीतभर अंतरावर नेला तर सुधारतो’ हे वाक्य पुन्हा वाचा. माऊसचा आवाज पुरेसा आहे, रिसीव्हरच्या कानाशी ढोल वाजतो आहे.

हा गोंगाट गळतो कुठून? मुख्यतः तीन ठिकाणांहून: लॅपटॉपकडचा पोर्ट, डिस्ककडची खाच आणि मधली केबल. चांगल्या केबलीत तारांभोवतीची जाळी प्लगच्या धातूच्या कवचाला चोहोबाजूंनी जोडलेली असते. स्वस्तातल्या केबलीत तीच जाळी पिळून एका बाजूला टाका मारून सोडून देतात आणि उरलेल्या फटीतून गळती होते. तुमच्या प्लॅस्टिकच्या हबमध्ये तर पोर्टांभोवती आडोसा म्हणून फारसं काही नसतंच.

माऊसच्या बाजूने पाहा. त्याची प्रक्षेपणशक्ती १ मिलिवॉटच्या घरात असते. साधा ऑफिसचा माऊस सेकंदाला १२५ वेळा, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी, आपण किती सरकलो ते कळवतो. पोच आली नाही की तेच पुन्हा पाठवतो. दोन-तीनदा पाठवावं लागलं की तुम्हाला कर्सर अडखळलेला दिसतो. बटण दाबून धरल्याची खबर वेळेवर पोहोचली नाही की ओढलेली फाइल सुटते. या पुन्हापुन्हा पाठवण्यात सेलही लवकर उतरतात, म्हणून असे त्रासलेले लोक नेहमी आधी सेलवर संशय घेतात.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. कॉपी थांबली म्हणजे गोंगाट थांबला असं नाही. डिस्कची जोडणी जागी असेपर्यंत, डेटा नसला तरी, तारांवर नुसते जागा भरणारे संकेत चालूच राहतात. काही डिस्का रिकाम्या असताना जोडणी झोपवतात, काही नाही. म्हणून एकाच्या घरी फक्त बॅकअपच्या वेळी त्रास होतो, दुसऱ्याकडे डिस्क नुसती लावून ठेवली तरी होतो.

खाडीपलीकडे (ऐरोली):

दोघांचे मनापासून आभार. चाचणी केली, निकाल असे:

फोनच्या केबलवर वेग ३८ एमबी, माऊस एकदम सरळ. एसएसडीची मूळ केबल लावली, रिसीव्हर शेजारीच: पुन्हा अडखळला. मूळ केबल तशीच ठेवून रिसीव्हर उजवीकडे आणि हेडसेट हबमध्ये: माऊस पूर्ण सुधारला, मोठी कॉपी चालू असतानाही.

म्हणजे माऊसचा प्रश्न मिटला. वायफायचा उरला. राउटर हॉलमध्ये, मी आतल्या खोलीत, मध्ये दोन भिंती. एसएसडी चालू असताना व्हिडिओ कॉल फाटतो. आणि घरात एक डेस्कटॉपही आहे, कॅबिनेट टेबलाखाली, वायरलेस कीबोर्ड-माऊसचा रिसीव्हर मागच्या बाजूला. तिथे अक्षरं गळतात, पण कोणतीही डिस्क जोडलेली नसते. त्यालाही हेच कारण का?

वर्तकनगर_वायरिंग (ठाणे):

वायफायचं आधी. तुमचा लॅपटॉप २.४वर जोडलेला आहे असं गृहीत धरतो. राउटरचं पान उघडा आणि २.४ व ५ गिगाहर्ट्‌झला वेगवेगळी नावं द्या. दोन्ही एकाच नावाखाली असली की दोन भिंतींआड बसलेला लॅपटॉप पुष्कळदा २.४ धरून बसतो. मग ५वर जोडून बघा. ५ गिगाबिटच्या डिस्कचा गोंगाट ५ गिगाहर्ट्‌झपाशी जवळजवळ शून्यावर येतो, म्हणून तिथे शांतता असते. तुमची एसएसडी आणि हब १० गिगाबिटचे असतील तर त्यांचा पसारा त्याच्याही पुढे जातो, तेव्हा हबला केबलीच्या लांबीइतकं मागे सरकवून लॅपटॉपपासून दूर ठेवणं बरं.

५ गिगाहर्ट्‌झ भिंतीत जास्त मरतो हे खरं. आपल्याकडे आरसीसीचे खांब आणि तुळया मध्ये आल्या की अधिकच. सिग्नल दोन काड्यांवर येत असेल तर राउटर टीव्हीमागून काढून दाराच्या रेषेत उंचावर ठेवा, तेवढ्यानेही फरक पडतो. २.४वरच राहायचं असेल तर राउटरच्या पानावर चॅनलची रुंदी ४० ऐवजी २० मेगाहर्ट्‌झ करा आणि चॅनल १, ६ किंवा ११ यांतला एक निवडा. त्यांचे मध्य २४१२, २४३७ आणि २४६२ वर येतात, एकमेकांवर चढत नाहीत. फोनवर वायफायची यादी उघडली की शेजाऱ्यापाजाऱ्यांची वीस-पंचवीस नावं दिसणं आपल्या कुठल्याही टॉवरात नेहमीचंच. तेव्हा मधला एखादा ३ किंवा ४ नंबर घेऊन दोन्हीकडच्यांच्या पायात पाय घालू नका.

डेस्कटॉपचं कारण बहुधा वेगळं. डिस्क नाही म्हणजे वेगवान जोडणी चालू नाही. तिथे अडचण आहे ती पत्र्याची: रिसीव्हर कॅबिनेटच्या पाठीमागे, भिंतीकडे तोंड करून, आणि कीबोर्ड पुढे टेबलावर. मध्ये अख्खी लोखंडी पेटी. टेबलाच्या फळीखाली लोखंडी चौकट असेल तर ती आणखी वर. उपाय मात्र तोच: यूएसबी २.०ची एक मीटर एक्स्टेन्शन, नर-मादी टोकांची, दीड-दोनशे रुपयांची वस्तू. वाशीच्या सेक्टर १७ मध्ये किंवा ठाण्यात स्टेशनजवळच्या दुकानांत मिळून जाते, त्यासाठी लॅमिंग्टन रोड गाठायला नको. मादी टोक रिसीव्हरसकट टेबलावर आणा.

डेस्कटॉपवरच आणखी एक. मदरबोर्डला वायफाय-ब्लूटूथ असेल तर मागे दोन पितळी आट्यांचे खुंट दिसतील. त्यांना अँटेना लावलेले आहेत का बघा. पुष्कळ घरांत ‘आमचं इंटरनेट वायरवर आहे’ म्हणून ते खोक्यातच राहतात, आणि मग ब्लूटूथचा माऊसही रडतो, कारण ब्लूटूथलाही तोच अँटेना लागतो. शिवाय ते खुंट निळ्या, म्हणजे यूएसबी ३.०च्या पोर्टांना खेटून असतात. लोहचुंबकाच्या बैठकीचा, वायरवाला अँटेना आला असेल तर तो कॅबिनेटच्या मागे न चिकटवता वर टेबलाशी आणा.

रबाळे_नाइटशिफ्ट (नवी मुंबई):

एक शंका. आमच्याकडे रिसीव्हर काळ्या यूएसबी २.० पोर्टातच आहे, डिस्क निळ्यात. तरी त्रास होतो. २.० पोर्ट शांत असतो असं ऐकलं होतं. आणि केबलीला अ‍ॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळून किंवा तो काळा फेराइटचा मणी लावून काही होईल का?

टाचणी (कोपरखैरणे):

रिसीव्हर कुठल्याही पोर्टात लावला तरी तो आतून २.०च्याच तारा वापरतो, ३.०च्या जादा तारांना त्याचा स्पर्शही होत नाही. म्हणून काळा-निळा याला स्वतःचं असं महत्त्व नाही, महत्त्व आहे मधल्या सेंटिमीटरांना. काळा पोर्ट निळ्याच्या खाली दीड सेंटिमीटरवर असेल तर गोंगाट तसाच पोहोचणार. रंगावर भरवसाही ठेवू नका. सगळे उत्पादक तो पाळत नाहीत, आणि टाइप-सीला तर रंगच नसतो. खात्री करायची तर मॅकवर सिस्टीम इन्फर्मेशनमध्ये यूएसबीच्या सदरात प्रत्येक उपकरणाचा वेग लिहिलेला असतो. लिनक्सवर यूएसबीची झाडासारखी यादी काढली की ओळीच्या शेवटी ५०००एम, ४८०एम किंवा १२एम असं दिसतं. साधा रिसीव्हर १२एमवर दिसेल, डिस्क ५०००एमवर.

फेराइटचा मणी इथे कुचकामी. केबलीवर दिसणारे ते मणी काही शे मेगाहर्ट्‌झपर्यंतच्या त्रासासाठी असतात, २४०० पर्यंत त्यांचा जोर उरत नाही. फॉइलचं तर मी सरळ नको म्हणेन. ती प्लगच्या धातूला सगळीकडून घट्ट टेकली नाही तर आडोसा होण्याऐवजी स्वतःच अँटेना होते, आणि तिची एखादी कपची पोर्टात शिरली तर शॉर्ट. त्या खटपटीपेक्षा चांगल्या जाळीची, आखूड केबल घ्या. डिस्कबरोबर आलेली मूळ केबल असेल तर तीच वापरा.

नौपाडा_हार्डवेअर (ठाणे):

या धाग्यावर येणारे सगळेच याच दुखण्याचे नसतील म्हणून लक्षणं वेगळी करून ठेवतो. दुकानात चांगले माऊस याच गोंधळात टाकून दिलेले पाहावं लागतं, वाईट वाटतं.

डिस्क, हब किंवा डॉक (टेबलावर ठेवायचा मोठा हबच) लावल्यावरच त्रास आणि काढल्यावर बरं, तर वर लिहिलेलं सगळं तुम्हाला लागू. पण माऊस पाच-दहा सेकंद नुसता ठेवला आणि पुन्हा हलवताना पहिला क्षण दगडासारखा थांबला, मग नीट चालला, तर तो रेडिओचा गोंगाट नव्हे, झोप आहे. काही माऊस स्वतःच झोपतात, त्याला इलाज नाही. विंडोज झोपवत असेल तर पॉवर ऑप्शन्समध्ये प्लॅनच्या प्रगत सेटिंगमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करू देण्याची खूण काढा.

कर्सर एकाच जागी थरथरतो किंवा ठरावीक दिशेलाच उड्या मारतो, आणि खाली काच किंवा चकचकीत सनमायका आहे? मग एक साधा पांढरा कागद ठेवून बघा, दोष पृष्ठभागाचा निघेल. एकदा दाबलं की दोनदा क्लिक होतं ते आतल्या स्विचचं झिजणं, त्याला एक्स्टेन्शन लावून उपयोग नाही. चार्जिंगचे सेल वापरणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की ते १.२ व्होल्टचे असतात आणि साधे १.५चे, त्यामुळे बॅटरीचा आकडा पहिल्या दिवसापासून कमी दिसू शकतो. तो दोष नव्हे.

आणि पावसाळ्यानंतर खाडीकडच्या घरांत एकदा पोर्टात टॉर्च मारून पाहा. रिसीव्हरच्या सोनेरी पट्ट्यांवर हिरवट-काळी पुटं दिसली तर आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसा, पूर्ण वाळू द्या, मग लावा. संपर्क तुटत असेल तर माऊस अडखळत नाही, सरळ गायब होतो आणि विंडोजचा जोडणी तुटल्याचा टुणटुण आवाज येतो. त्या आवाजावरून फरक लगेच कळतो.

महापे_डेस्क२७ (नवी मुंबई):

ऑफिसच्या दृष्टीने विचारते. एका मजल्यावर चाळीस टेबलं, प्रत्येकावर डॉक, प्रत्येक डॉकमध्ये रिसीव्हर. एकाच कंपनीचे माऊस एकमेकांना अडवतात का?

वर्तकनगर_वायरिंग (ठाणे):

एकाचा माऊस दुसऱ्याचा कर्सर हलवणार नाही, प्रत्येक जोडीचा पत्ता वेगळा असतो आणि अडचण आली की त्या चॅनल बदलतात. ब्लूटूथ तर गर्दीची चॅनलं ओळखून वगळतं. पण बदलायला जागा लागते ना! चाळीस डॉक, मॉनिटर, वर मजल्याचं वायफाय, सगळं त्याच ८३.५ मेगाहर्ट्‌झमध्ये. पहिलं काम म्हणजे लॅपटॉपांचं वायफाय ५ गिगाहर्ट्‌झवर न्या किंवा डॉकमधून नेटवर्कची वायर द्या, म्हणजे २.४ मोकळं होईल. दुसरं, रिसीव्हर डॉकमधून काढा. डॉक हे त्या टेबलावरचं सर्वांत गोंगाटाचं ठिकाण आहे.

ब्लूटूथचा माऊस असेल तर लॅपटॉपच्या आतल्या ब्लूटूथला थेट जोडा. पुष्कळ लॅपटॉपांत अँटेना पडद्याच्या चौकटीत असतो, पोर्टांपासून दूर, म्हणून फायदा होतो. झाकण बंद करून बाहेरच्या मॉनिटरवर काम करणाऱ्यांना तो फायदा तितका मिळत नाही. लॉजिटेकच्या माऊसमध्ये रिसीव्हर बदलून बघणाऱ्यांसाठी: जुना नारिंगी खुणेचा युनिफाइंग आणि २०२१पासूनचा बोल्ट हे एकमेकांच्या जागी चालत नाहीत. दोन्हींना सहापर्यंत उपकरणं जोडता येतात, तेव्हा कीबोर्ड-माऊस एकाच रिसीव्हरवर आणून टेबलामागे एक रिसीव्हर कमी करा.

आणि ज्या टेबलावर दिवसभर मोठ्या फाइलींची ने-आण चालते तिथे वायरचा माऊस द्या, मागेपुढे पाहू नका.

खाडीपलीकडे (ऐरोली):

एक्स्टेन्शन आणली, डेस्कटॉपची अक्षरं गळणं थांबलं. लॅपटॉप ५ गिगाहर्ट्‌झवर टाकला, कॉल टिकतो आहे. शेवटचा प्रश्न: एक्स्टेन्शनचं टोक नक्की कुठे ठेवायचं, आणि उरलेली केबल गुंडाळून ठेवली तर चालेल ना?

नौपाडा_हार्डवेअर (ठाणे):

टोक माऊसपासून २०-३० सेंटिमीटरवर, मध्ये काही न येता. मॉनिटरच्या लोखंडी पायामागे नको. कीबोर्डच्या मागच्या काठाशी दुहेरी टेपने चिकटवलं तर झाडताना हलत नाही. उरलेली केबल गुंडाळा, पण ते वेटोळं एसएसडीच्या किंवा हबच्या केबलीवर ठेवू नका, दोन्हींमध्ये वीतभर अंतर राहू द्या. आणि एकाला एक जोडून तीन-तीन एक्स्टेन्शन लावू नका. यूएसबी २.०ची एकूण लांबी ५ मीटरच्या आतच ठेवायची असते, आणि प्रत्येक सांधा म्हणजे हलका होणारा एक संपर्क.

घेताना दुकानदार ३.०ची निळ्या टोकाची महाग एक्स्टेन्शन पुढे करेल. रिसीव्हरला तिचा काही उपयोग नाही, काळ्या टोकाची पातळ २.०चीच मागा.